सेन्सर एकाचा, डबा दुसऱ्याचा

पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो टेलिफोनचा प्लगच वाटतो. चपटं प्लास्टिक, आत ओळीने सहा धातूच्या पट्ट्या, एका कडेला दाबायची खिट्टी. वाटतं ते अगदी चूकही नाही. ब्रिटनमधल्या टेलिफोनच्या प्लगच्या घराण्यातलाच तो आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात बीव्हर्टन नावाचं गाव आहे. तिथे १९८१ साली सुरू झालेली व्हर्नियर ही कंपनी शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी सेन्सर बनवते, आणि तिच्या जुन्या तारवाल्या सेन्सरांच्या शेपटीला हा प्लग असतो. नाव बीटीए, म्हणजे ब्रिटिश टेलिकॉम अ‍ॅनालॉग.

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत असे अकरा प्लग एका पिशवीतून आले. खाडीकाठच्या आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात. त्यातलाच आमचा एक माजी विद्यार्थी तिथल्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत लॅब असिस्टंट आहे. त्याच्या शाळेने ब्लूटूथवर चालणारे नवे सेन्सर घेतले आणि तारवाले भंगारात निघाले. त्याने रीतसर विचारून, चिठ्ठी घेऊन ते सुट्टीत गावी आणले. बॅगेत खजूर, अत्तर, लहानग्यांची खेळणी आणि मधे वर्तमानपत्रात गुंडाळलेले तापमानाचे चार, पीएचचे दोन, पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे दोन आणि आणखी तीन.

आला नाही तो फक्त डबा. हे सेन्सर ज्यात खुपसायचे, जो त्यांचं म्हणणं वाचून आकडे दाखवतो, तो कंपनीचा डबा त्या शाळेने ठेवून घेतला होता. नव्या डब्याची किंमत डॉलरमध्ये होती, त्यामुळे तो विषय स्टाफरूममध्ये चहा संपायच्या आत संपला.

आमच्याकडे होता आर्डुइनो. इटलीतल्या इव्रिया गावात २००५ साली जन्मलेला हा छोटा बोर्ड. त्याचा आराखडा सगळ्यांना खुला आहे, म्हणून त्याच्या नकला काही शे रुपयांत मिळतात. आमचे दोन बोर्ड अशाच नकला होत्या. तेव्हा प्रश्न असा : एका देशातल्या कंपनीचा सेन्सर, दुसऱ्याच कुणाच्या बोर्डाला, तिसऱ्याच गावातल्या मुलांनी कसा जोडायचा?

माझा यात काय संबंध, असं कुणीही विचारील. मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण सोबत आलेली पत्रकं इंग्रजीत होती, कंपनीच्या साइटवरची माहिती इंग्रजीत होती आणि आमचे विज्ञानाचे सर म्हणाले, "टीचर, सर्किट मी बघतो, वाक्यं तुम्ही बघा." त्यांचं स्वतःचं शिक्षण मराठवाड्यात उर्दू माध्यमातून झालेलं. सर्किट त्यांना खरोखर समजतं. मुलांसाठी उर्दू आणि मराठी दोन्हीत कागद तयार करायचा असं ठरलं, कारण आमची मुलं दहावीनंतर अकरावीला जातात तेव्हा वर्गात कानावर पडते ती मराठी आणि पुस्तकात दिसते ती इंग्रजी. दहावीपर्यंत जिला ती 'मुज़ाहमत' म्हणत असतात तिचा एका सुट्टीत 'रोध' होतो आणि दुसऱ्या आठवड्यात 'रेझिस्टन्स'. गोष्ट तीच. पण तीन नावं एकाच गोष्टीची आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि चांगली चांगली मुलं पहिल्या सहामाहीतच कॉमर्सला निघून जातात. मला या पिशवीत रस वाटला तो त्यासाठी.

आता तारा. कंपनीचं कौतुक एका बाबतीत करायलाच हवं : कुठली तार काय करते हे तिने लपवून ठेवलेलं नाही. सहा तारांपैकी दुसरी म्हणजे जमीन, ग्राउंड. पाचवीतून सेन्सरला पाच व्होल्टची वीज द्यायची. सहावीतून सेन्सरचं उत्तर येतं, शून्य ते पाच व्होल्टच्या दरम्यान. पहिली तारही उत्तराचीच, पण ज्या सेन्सरांचं उत्तर उणे दहा ते अधिक दहा व्होल्टपर्यंत जातं त्यांच्यासाठी. ती आर्डुइनोला लावायची नाही, कारण त्याला शून्याच्या खालचंही सोसत नाही आणि पाचाच्या वरचंही. चौथी तार ओळखीची. तिच्यावरून कंपनीचा डबा ओळखतो की आत्ता खुपसलं ते थर्मामीटर आहे की आणखी काही. आपल्या बोर्डाला ओळख आपणच सांगायची असल्याने ती मोकळी सोडली तरी चालते. तिसरीचं काम थोडं खास आहे, त्यावर पुढे येते.

म्हणजे हिशेब तीन तारांचा. दोन, पाच, सहा. दोन नंबर बोर्डाच्या ग्राउंडला, पाच नंबर पाच व्होल्टला, सहा नंबर 'ए-झिरो' लिहिलेल्या भोकात. इतकं सोपं असेल तर एवढा लेख कशाला?

कारण एक नंबर कुठल्या बाजूला, हेच आधी ठरवावं लागतं. आकृती डब्यावरच्या खाचेची असेल तर प्लगकडे समोरून पाहताना ती आरशातल्यासारखी उलटी होते. त्यात आमची मुलं उर्दू वाचणारी, त्यांची नजर उजवीकडून निघते. इंग्रजी आकृतीत डावीकडून एक ते सहा लिहिलेलं असलं तरी प्लग हातात घेऊन मोजताना बोट आपसूक उजव्या टोकाला जातं. मी वर्गात सहज करून पाहिलं : बारापैकी सात मुलांनी उजवीकडून मोजायला सुरुवात केली. यात कुणी ढ नव्हतं. आणि गंमत पाहा, उलटं मोजलं तर एकाच्या जागी सहा येतो, दोनच्या जागी पाच, तीनच्या जागी चार. म्हणजे नेमके जमीन आणि वीज यांचीच अदलाबदल होते. सहा तारांत जी चूक सगळ्यात महाग, तीच सगळ्यात सोपी. म्हणून आमच्या कागदावर पहिलं वाक्य उर्दूत लिहिलं ते असं : मोजण्याआधी खिट्टी कुठल्या हाताला आहे ते पाहा. त्याखाली मी प्लगचं चित्र काढलं आणि एक नंबरजवळ लाल टिंब दिलं.

प्लग बसेल अशी खाच आमच्या तालुक्याच्या बाजारात मिळण्यातली नव्हती. कंपनी स्वतः अशी केबल विकते जिच्या एका टोकाला खाच आणि दुसऱ्या टोकाला सुट्या तारा. पण पुन्हा डॉलर. उरला एकच मार्ग, सेन्सरची वायर कापायची. यावर आमच्यात दोन दिवस चर्चा झाली. सरांचा जीव होईना. कुणी इतक्या लांबून, वजन मोजून आणलेली वस्तू, तिला कात्री लावायची? शेवटी त्यांनीच तोडगा काढला. प्लगपासून चांगली वीतभर वायर सोडून मधे कापायचं, म्हणजे पुढेमागे डबा मिळालाच तर पुन्हा जोडता येईल. आतल्या तारांच्या रंगांवर मात्र भरवसा ठेवायचा नाही. मल्टिमीटर बीपवर लावायचा, एक टोक प्लगच्या पट्टीला आणि दुसरं एकेका रंगाला, आणि वाजेल तो रंग वहीत लिहायचा. प्रत्येक सेन्सरसाठी वेगळं पान. एका मुलाने विचारलं, "सर, पहिल्याचे रंग माहीत झाले ना?" सर म्हणाले, "पहिल्याचे झाले."

पहिला लावला तो तापमानाचा. त्याने काहीच अर्थाचं सांगितलं नाही. आकडे येत होते, पण गरम पाण्यात बुडवला काय आणि बाहेर ठेवला काय, ते आपल्या मर्जीने वरखाली होत होते. नववीतली एक मुलगी, जिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे, तिने तार काढूनच टाकली. तरी आकडे येतच राहिले! आर्डुइनोचं हे पहिलं मोठं शिक्षण : मोकळं भोकही बोलतं. काहीही जोडलेलं नसलं तरी ते हवेतलं, हाताचं, विजेच्या तारांचं काहीबाही उचलतं आणि आकडा दाखवतं. आकडा दिसला म्हणजे मोजमाप झालं असं नव्हे.

उलगडा पत्रकात होता. या तापमानाच्या सेन्सरच्या टोकाला थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो. २५ अंशाला तो २० हजार ओहम. पण रोध बदलतो एवढ्याने आर्डुइनोला काही कळत नाही, त्याला फक्त व्होल्ट कळतात. रोधाचे व्होल्ट करायचे तर सोबतीला एक न बदलणारा रोध लागतो. दोघांनी मिळून पाच व्होल्ट वाटून घ्यायचे आणि वाटणीत कुणाला किती आले ते मोजायचं. तो सोबती, १५ हजार ओहमचा, सेन्सरमध्ये नसतोच. तो असतो कंपनीच्या डब्यात. तिसऱ्या तारेचं खास काम म्हणाले ते हेच, डब्यातल्या सोबत्याशी गाठ घालणं. म्हणजे पिशवीतून आमच्याकडे आलं होतं ते अर्धंच सर्किट. उरलेलं अर्धं आखातातल्या त्या डब्यात राहिलं होतं.

१५ हजार ओहमचा रोध बाजारात एक-दोन रुपयांना मिळतो. आमच्याकडे तेवढा नव्हता, पण दहा हजार आणि चार हजार सातशेचे होते, दोन्ही एकापुढे एक जोडले तर १४ हजार ७००. सरांनी ते मल्टिमीटरने मोजून खरा आकडाच प्रोग्रॅममध्ये लिहिला. हे मला फार आवडलं. पुस्तकातला आकडा हवा तर पुस्तकातला रोध आणायचा, आपला रोध लावायचा तर आकडाही आपलाच लिहायचा.

पुढचा हिशेब मुलांनी फळ्यावर केला. रोध नेमका १५ हजार असेल आणि थर्मिस्टर २५ अंशाला असेल तर त्याच्या वाट्याला पाचातले साधारण २.८६ व्होल्ट येतात. आर्डुइनो उनो पाच व्होल्टचे १,०२४ तुकडे करतो, एकेक तुकडा साधारण ४.९ मिलिव्होल्टचा. तेव्हा बोर्डावर आकडा दिसला पाहिजे ५८५ च्या आसपास. रोधावरून तापमान काढायचं समीकरण जरा अवघड आहे, त्यात लॉगॅरिथम येतो. त्याचे तीन स्थिरांक कंपनीने छापलेले आहेत, ते तसेच घातले. बर्फाच्या पाण्यात सेन्सर शून्याजवळ आला, उकळत्या पाण्यात शंभराजवळ. शिपाई मामूंनी स्वतःच्या काखेत धरून पाहिला आणि ताप नसल्याचं जाहीर केलं.

या सगळ्यात माझी लढाई शब्दांशी चालली होती. 'सेन्सर'ला उर्दूत 'हस्सास आला' म्हणून पाहिलं. मुलं हसली, कारण 'हस्सास' म्हणजे त्यांच्या लेखी लगेच रडणारा माणूस. मराठीतला 'संवेदक' त्यांना कवी वाटला. सेन्सर तो सेन्सरच राहिला. शब्द घडवण्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभं राहत असताना १९१७ मध्ये दार-उल-तर्जुमा सुरू झालं आणि विज्ञान, गणित, वैद्यक असे विषय उर्दूतून शिकवता यावेत म्हणून तिथे शब्दांची टाकसाळ चालली. आमच्या पुस्तकातली 'बर्क़ी रौ' आणि 'मुज़ाहमत' त्याच परंपरेतली. पण माझा अनुभव असा की वस्तूचं नाव बाहेरचं चालतं, क्रियेचं नाव मात्र आपलं लागतं. 'कॅलिब्रेशन'चं मराठी 'अंशांकन' मी फळ्यावर लिहिलं तेव्हा कुणाचाच चेहरा उजळला नाही. मग म्हटलं, मासळीबाजारात काटा असतो, त्याला दरवर्षी तपासून शिक्का मारतात, तो कशावरून मारतात? "त्यांच्याकडचं पक्कं वजन ठेवून बघतात." तेच. आपल्या सेन्सरला पक्कं वजन दाखवायचं आणि तो काय बोलतो ते लिहून ठेवायचं. तराजूची गोष्ट निघालीच म्हणून अल्-ख़ाज़िनीचं नाव सांगितलं. मर्व शहरात बसून त्याने ११२१ च्या सुमारास 'मीज़ान अल्-हिक्मा' लिहिलं, धातू, रत्नं आणि पाण्यासारख्या द्रवांचं वजन नेमकं कसं करायचं यावरचा सबंध ग्रंथ. मुस्लिम शास्त्रज्ञांची नावं आपल्याकडे भाषणात माळेसारखी घातली जातात आणि टाळ्या घेऊन संपतात. ज्याने तराजूपायी आयुष्य घालवलं त्याचं नाव घेऊन निदान सेन्सर तरी तपासावा.

पीएचच्या सेन्सरची कथा निराळी. त्याच्या टोकाला काचेचा पातळ फुगा असतो आणि तो ओला ठेवावा लागतो. आमचे दोन्ही कधीचे कोरडे पडलेले. साठवणीच्या द्रावणात दोन दिवस बुडवून ठेवल्यावर एक शुद्धीवर आला, दुसरा आला नाही. या काचेची स्वतःची बोली फार हळू आवाजाची : पीएच एकाने बदलला तर २५ अंशाला फक्त ५९ मिलिव्होल्टचा फरक, सातच्या वर गेलं की उणे, खाली आलं की अधिक. शिवाय तिचा रोध इतका प्रचंड की आर्डुइनो थेट जोडला तर तो ऐकायला जाताच तिचा आवाज बसतो. म्हणून सेन्सरमध्येच एक वर्धक असतो. तो सगळं उचलून शून्याच्या वर आणतो आणि आवाज चौपट करतो. त्यामुळे पीएच सातला बाहेर येतात १.७५ व्होल्ट, आणि पीएच एकेकाने उतरला की साधारण पाव व्होल्टची भर. कोकमाच्या आगळाने ते व्होल्ट चांगलेच चढवले, साबणाच्या पाण्याने उतरवले.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी पत्रक वाचून लक्षात येत नाही. लॅपटॉपच्या यूएसबीतून येणारे पाच व्होल्ट नेहमी पाच नसतात. आमच्या एका लॅपटॉपवर ते ४.८ होते. थर्मिस्टरला याने फरक पडत नाही, कारण तो वाटणी सांगतो. पाचाचं काय नि ४.८ चं काय, प्रमाण तेच. पण पीएचचा सेन्सर स्वतःच्या हिशेबाने १.७५ व्होल्ट देतो आणि बोर्ड ते ४.८ च्या पट्टीने मोजून ५ ची पट्टी समजतो. लॅपटॉप बदलला की लिंबाचा आंबटपणाही बदलतो. म्हणून दर वेळी बोर्डावरचे व्होल्ट मल्टिमीटरने मोजायचे, किंवा सरळ त्याच लॅपटॉपवर ४ आणि ७ च्या तयार द्रावणात काटा तपासून घ्यायचा.

हे सगळं चालू असताना गावात पाण्यावरून धुसफूस होती. मशिदीजवळच्या विहिरीवर मोहल्ल्याची चाळीसेक घरं अवलंबून. मशिदीची टाकी आणि वुज़ूचा हौज त्याच विहिरीच्या मोटरवर भरतो. रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला, वापर वाढला आणि बायका म्हणायला लागल्या, पाणी मचूळ लागतं, डाळ शिजत नाही. जमातीतली मंडळी म्हणत होती, मचूळ काही नाही, रोज्याने तोंडाची चव जाते. बायकांच्या जिभेला पुरावा मानायची पद्धत आपल्याकडे नाही.

तेव्हा ती नववीतली मुलगी म्हणाली, "टीचर, वाहकतेचा सेन्सर पाण्यातलं मीठच तर मोजतो." या सेन्सरच्या डबीवर तीन टप्प्यांची कळ असते, आम्ही मधला टप्पा घेतला, शून्य ते २,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. पक्कं वजन म्हणून पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण करायचं ठरलं : एक लिटरमध्ये ०.७४५६ ग्रॅम, २५ अंशाला त्याची वाहकता १,४१३ येते. शाळेच्या तराजूला इतकं बारीक वजन दिसत नाही. बाजारपेठेतल्या सोनाराकडे गेलो. त्याचा काटा मिलिग्रॅम दाखवतो. त्याने काचेच्या पेटीत आमची पांढरी पूड ठेवली, दार लावलं, आकडा स्थिर होईपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही, आणि पैसे घेतले नाहीत.

कुणीतरी म्हणालंच, ऑनलाइन टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, एवढा खटाटोप कशाला? तो मीटर त्या क्षणाचा आकडा सांगतो. आमचा प्रश्न क्षणाचा नव्हता. मोटर दोन तास चालते, त्या दोन तासांत पाणी बदलतं का, हा होता. दर दहा सेकंदांनी आकडा लिहीत दोन तास कुणी उकिडवं बसणार नाही; बोर्ड बसतो.

मोटरच्या नळाखाली बादली ठेवली, पाणी सतत भरून सांडत राहील अशी, आणि त्यात सेन्सर. मोटर सुरू झाली आणि आकडे थयथयाट करायला लागले. सरांनी लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर घेतलं, थयथयाट निम्म्याहून कमी झाला. उरलेला प्रोग्रॅममध्ये शंभर वाचनांची सरासरी घेऊन बसवला. मग जे दिसलं ते स्वच्छ होतं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सातशेच्या आसपास सपाट रेघ. त्यानंतर चढण. दीड तासाला तेराशे, दोन तास पुरे होताना पंधराशेच्या वर. तीन दिवस केलं, तिन्ही दिवस आकार तोच.

कारण पुस्तकात आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर ते सपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खाऱ्याला दाबून धरतं. उलट, उपशाने वरची पातळी थोडी उतरली की खालचं खारं पाणी कितीतरी पट वर सरकतं, विहिरीच्या बुडाशी शंकूसारखं. उपसा थांबला की सावकाश बसतं.

जमातीच्या बैठकीला ती मुलगी जाणं शक्य नव्हतं, मीही नाही. आलेख घेऊन सर गेले. त्यांनी नंतर सांगितलं की कागद हातोहात फिरला, आणि एका बुज़ुर्गांनी विचारलं ते अगदी रास्त होतं : "हे यंत्र भंगारातलं. तेच खोटं बोलत असेल तर?" सरांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, जिने मोजलं तिलाच विचारा, आणि तिच्या घरी फोन लावून स्पीकर चालू केला. तिचे अब्बा बैठकीतच बसले होते. मुलगी म्हणाली, "चाचा, दर वेळी मोटर लावायच्या आधी सेन्सर चौदाशे तेराच्या पाण्यात बुडवला आणि मोटर बंद झाल्यावर पुन्हा बुडवला. आधी १,४१३ होतं, नंतर १,३९० च्या खाली कधी आलं नाही. उलट नंतर तो थोडं कमीच सांगत होता. विहिरीचं पाणी दुप्पट झालं, ते यंत्राने बिघडून नाही होत." थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग अब्बांनी फोन सरांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बेटा, मग मोटर किती वेळ लावायची?"

ती म्हणाली, वीस मिनिटं, आणि मग तीन-चार तास थांबून पुन्हा वीस मिनिटं.

आता तसं चालतं. टाकी दिवसातून चारदा थोडी थोडी भरते, मुअज़्ज़िनसाहेबांना त्रास वाढला आहे आणि ते तसं सांगतातही. मे महिन्यात पाणी तरीही मचूळ झालं, पण आधीपेक्षा उशिरा. बोअरवेल मारायची काहींची टूम आहे. त्यात खारं पाणी आणखी लवकर वर येईल असं सरांचं मत, आणि तो वाद सुरू आहे.

मुलगी दहावीत गेली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी मराठीत विचारलं, उपकरण कुणाच्या कंपनीचं? तिने तीन नावं सांगितली, सेन्सरचं, बोर्डाचं आणि सोनाराचं. बक्षीस तिसरं मिळालं. पहिलं ज्वालामुखीला गेलं, तो दरवर्षी फुटतो.

पिशवीतले तीन सेन्सर अजून बाकी आहेत. एक बल मोजणारा, एक प्रकाशाचा. तिसऱ्याचं लेबल पुसलं गेलंय आणि तो काय मोजतो हे आणणाऱ्यालाही आठवत नाही. जुन्या सेन्सरांत ओळखीसाठी चौथ्या तारेवर एक रोध बसवलेला असतो, आणि कुठल्या किमतीचा रोध म्हणजे कुठला सेन्सर याची कंपनीची यादी आहे. आठवीच्या मुलांनी वहीचं नवीन पान उघडून खिट्टी कुठल्या हाताला आहे ते पाहून ठेवलंय. मल्टिमीटरचा सेल संपला आहे, तो उद्या बाजारातून यायचा आहे.